उशीर : शून्य

जिन्याच्या पहिल्या वळणावर, पत्रपेट्यांच्या वर, एक सूचनाफलक होता. पाणी कधी येणार नाही, सायकली कुठे लावू नयेत आणि एक राखाडी मांजर हरवली आहे, एवढाच मजकूर त्यावर वर्षानुवर्षं असे. मांजर केव्हाच सापडली होती, तिला पिल्लंही झाली होती. पण कागद काढणं हे कोणाचंच काम नव्हतं. गेल्या वर्षभरात मात्र दर सोमवारी सकाळी सहाला मांजरीच्या शेजारी एक नवा कागद लागू लागला. पट्टीने आखलेल्या रेघा, तासांचे चौकोन, आणि वर ठळक अक्षरांत : ‘दुसरा मजला, संगणक. परत केलेली कामे : ३०७. उशीर : ०.’

हा कागद मिनिटसाहेबांचा.

मिनिटसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी बसच्या आगारात वेळापत्रकं आखली. कोणी ‘साडेआठच्या सुमारास येतो’ म्हणालं की ते लगेच विचारत, ‘साडेआठ वाजून किती मिनिटांनी?’ सुमारास कोणी जन्माला येत नाही, सुमारास कोणी मरत नाही, मग बसनेच सुमारास का सुटावं, असा त्यांचा सवाल होता. निवृत्तीच्या दिवशी आगाराने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते दोन मिनिटं मागे होतं. आभाराच्या भाषणात त्यांनी ते सांगितलं.

निवृत्तीनंतरचे पहिले चार महिने त्यांनी घर वेळेवर चालवायचा प्रयत्न केला. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी इमारत काकू म्हणे, समोरच्या खोलीत शिवणकाम करत. त्यांनी चार महिने ऐकून घेतलं आणि एका सकाळी मापाची टेप गळ्यात घालत सांगितलं, “अहो, आखायचंच असेल तर एखादं यंत्र बघा. मी माणूस आहे.”

यंत्र घरातच होतं. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर मागे राहिला होता. काळी, गुडघाभर उंचीची पेटी, आत तीन पंखे, आणि पंख्यांना निळे दिवे. खेळ खेळण्यासाठी तिने तो सुटे भाग घेऊन जोडला होता. जाताना ती म्हणाली होती, “बाबा, याची ताकद वाया जातेय. दान करा.”

“कोणाला? उचलणार कोण ही पेटी?”

“पेटी नाही हो. ताकद.” मग तिने समजावलं. शरीरातले रेणू स्वतःची घडी कशी घालतात हे शास्त्रज्ञांना बघायचं आहे. घडी चुकली की आजार होतो. ते गणित इतकं अवाढव्य आहे की त्याचे तुकडे करून घरोघरच्या कॉम्प्युटरना पाठवतात. आपला कॉम्प्युटर एक तुकडा घेतो, सोडवतो, मुदतीच्या आत परत करतो. नाही केला तर तो तुकडा दुसऱ्या कोणाला देतात.

मिनिटसाहेबांनी यातले दोनच शब्द ऐकले : मुदत आणि परत.

काकूंनी तिसरा ऐकला. “घडी घालायला एवढी पेटी? मी दिवसाला चाळीस घड्या घालते. मला कोणी एक पंखा लावून दिला नाही.”

त्या रात्री मिनिटसाहेबांनी कपाटातून लांब पट्टी काढली, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना शांत झोप लागली.

वेळापत्रक असं होतं. कॉम्प्युटर सकाळी सहाला सुरू, रात्री नऊला बंद. रात्री आगार बंद असतं, त्यात चर्चा नाही. दिवसा पंचेचाळीस मिनिटं काम आणि पंधरा मिनिटं विश्रांती, आणि विश्रांती म्हणजे विश्रांती : थेट बटण बंद. पंचेचाळीस-पंधराचा हा नियम हवेतून आलेला नव्हता. फार पूर्वी घाटाच्या चढावर एका बसचं इंजिन तापून मधेच बंद पडलं होतं, तेव्हा तीन व्यवस्थापकांशी भांडून मिनिटसाहेबांनी तो आगारात आणला होता. त्यानंतर त्या आगाराचं एकही इंजिन रस्त्यात तापलं नाही. निवृत्तीच्या घड्याळापेक्षा त्यांना या नियमाचा अभिमान जास्त होता, कारण नियम बरोबर होता आणि घड्याळ नव्हतं.

पंधरा मिनिटांच्या विश्रांतीचा दुसराही फायदा होता. समोरच्या खोलीची वायर इमारतीइतकीच जुनी. कॉम्प्युटर आणि काकूंची वाफेची इस्त्री एका वेळी लागली की फ्यूज उडे, आणि मग दोन्ही गप्प. इस्त्री स्वयंपाकघरात नेता येत नव्हती, कारण पांढऱ्या कापडाला कांद्याचा वास लागला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. वायर बदलून देणारा वायरमन तळमजल्यावरच राहत होता, पण त्याला इमारतीत ‘उद्या’ म्हणत, आणि ते उगाच नव्हे. दोन वर्षं तो जिन्यात भेटला की म्हणे, “साहेब, उद्या नक्की.” तेव्हा कॉम्प्युटरच्या विश्रांतीत इस्त्री, आणि इस्त्रीच्या विश्रांतीत कॉम्प्युटर, अशी पाळी मिनिटसाहेबांनी बसवली होती, आणि रात्री नऊनंतर दोन्ही बंद. तक्त्यात ती फार देखणी दिसत असे.

आणि ती चालली, हेही सांगितलं पाहिजे. येणारी कामं लहान असत, आणि दिवसाला जेमतेम एक येई. चाळीस मिनिटांत एक संपे, पाच मिनिटं उरत, बटण बंद. बस थांब्यावर येऊन उभी राहावी तसं. तीनशे सात कामं, उशीर शून्य. मुलीने फोनवर सांगितलं की तिच्या ओळखीत असा आकडा कोणाचाच नाही, तेव्हा मिनिटसाहेब “हं” म्हणाले. हा त्यांच्याकडचा सर्वोच्च पुरस्कार होता. फोन ठेवल्यावर ते खाली जाऊन फलकावरचा कागद सरळ करून आले. तो सरळच होता.

मग एका सोमवारी मोठं काम आलं.

पडद्यावर लिहिलं होतं : अंदाजे लागणारा वेळ, बावन्न तास. मुदत, शनिवार सकाळी दहा. मिनिटसाहेबांनी कागदावर गुणाकार केला. दिवसाला सव्वाअकरा तास, पाच दिवस, म्हणजे छप्पन्न तास आणि वर पंधरा मिनिटं. चार तास हातात राहतात. त्यांनी हात चोळले. लांब पल्ल्याची गाडी आगाराला पहिल्यांदा मिळाली तेव्हाही त्यांनी असेच हात चोळले होते.

त्याच सोमवारी काकूंकडे नर्सिंग कॉलेजचे तीस पांढरे कोट शिवून तयार झाले. आता फक्त इस्त्री राहिली होती. शुक्रवारी संध्याकाळी न्यायला येणार होते.

सोमवार, मंगळवार, बुधवार. मिनिटसाहेबांच्या वहीत नोंदी बघाव्यात तर आरशासारख्या स्वच्छ. सहाला सुरू, सहा पंचेचाळीसला बंद. सातला सुरू, सात पंचेचाळीसला बंद. एका मिनिटाची चूक नाही. वहीत दोनच रकाने होते, सुटण्याचा आणि थांबण्याचा. एकतीस वर्षं दोनच रकाने होते. बस कुठवर पोचली हे बघणारा विभाग वेगळा होता, तो आगाराच्या वरच्या मजल्यावर बसे आणि त्याच्याशी बोलणं नसे.

बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला मिनिटसाहेबांनी बटण बंद केलं आणि काकूंनी इस्त्री लावली. ती तापेपर्यंत त्या नेहमीप्रमाणे हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तापायला आठ-नऊ मिनिटं. मग कोटाची एक बाही होते न होते, तोच मागून आवाज येई, “वेळ झाली.” तीन दिवसांत आठ कोट झाले होते. बावीस खुर्चीवर एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून पडले होते.

“अहो,” काकू म्हणाल्या, “तुमचं काम किती झालं?”

“साडेएकतीस तास. आता थांबलं ते बेचाळिसावं वळण—”

“तास नाही विचारले. बंद करायच्या आधी मी पडद्याकडे बघत होते. एक पूर्णांक चार टक्के.”

“असेल.”

“दुपारी पावणेतीनलाही एक पूर्णांक चार होतं. काल सकाळी मी कॉलर उलटी करत होते तेव्हाही एक पूर्णांक चार. आणि सुरू करता तेव्हा शून्य. मला वाटलं तुमच्यात असंच असतं.”

मिनिटसाहेबांनी वही उघडली, सुटण्याचा रकाना बघितला, थांबण्याचा बघितला. दोन्ही निर्दोष होते. तिसरा रकाना नव्हताच, त्यामुळे तो बघता आला नाही. मग त्यांनी मुलीला फोन लावला.

“बाबा, तुम्ही त्याला नुसतं थांबवता की बंद करता?”

“बंद. थेट बटण. विश्रांती म्हणजे—”

“अहो बाबा! मोठं काम तासातासाने सेव्ह होतं. तासाच्या आत बंद केलंत तर सगळं पुसतं. परत पहिल्यापासून. मी मागेच सांगितलं होतं की!”

“कधी?”

“तुम्ही मला वेळापत्रक वाचून दाखवत होतात तेव्हा.”

फोन ठेवून मिनिटसाहेब खुर्चीत बसले, म्हणजे बावीस कोटांवर बसले, आणि काकूंनी त्यांना उठवून स्टुलावर बसवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर एक बस होती. ती आगारातून ठरल्या मिनिटाला सुटत होती, पहिल्या थांब्याच्या अलीकडे ठरल्या मिनिटाला वळत होती आणि आगारात परत येत होती. बेचाळीस वेळा. थांब्यावर माणसं उभी होती. एकदाही उशीर नाही.

“म्हणजे माझ्या इस्त्रीसारखंच,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“तिचंही तेच चाललंय तीन दिवस. तापते, आणि बंद. पुन्हा थंड, पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या यंत्राचं आणि माझ्या इस्त्रीचं दुखणं एकच आहे. दोघांनाही तुम्ही फार विश्रांती देता.”

असं वाक्य जर आगारात कोणी बोललं असतं तर मिनिटसाहेबांनी त्याला घाटाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली असती. आता त्यांनी वही मिटली.

तेवढ्यात दार वाजलं. दारात उद्या. तो फलकासमोर उभा राहून वर आला होता. “साहेब, नवं काम किती झालं? खाली दूधवाला विचारत होता.”

मिनिटसाहेबांनी खरं ते सांगितलं. खोटं बोलायला त्यांना जास्त वेळ लागे.

उद्याने डोकं खाजवलं. “त्यात ते एक बटण असतं ना, काम सोडून द्यायचं? माझा मेहुणाही करतो हे. सोडून द्या. सोडलेलं काम उशिरात धरत नाहीत. तुमचा शून्य तसाच राहील, कोणाला कळणारही नाही.”

इस्त्रीने वाफ सोडली. पडद्यावर खरोखरच तसं बटण होतं. मिनिटसाहेबांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ते त्याच्याकडे परक्याच्या घरातल्या उघड्या कपाटाकडे बघावं तसं बघत नसत.

“फेरी रद्द करणं,” ते सावकाश म्हणाले, “हे उशिरापेक्षा वाईट. उशिरा येणाऱ्या बसची माणूस वाट तरी बघतो. रद्द केलेल्या बसचीही बघतो, कारण त्याला कोणी सांगत नाही. एकतीस वर्षांत मी एकही रद्द केलेली नाही. शून्याचा एक झाला तर एक लिहीन. मोठ्या अक्षरांत.”

“बरं बाबा,” उद्या म्हणाला. “वायरचं मात्र—”

“उद्या,” दोघं नवराबायको एकदम म्हणाले, आणि तो खाली गेला.

काकूंनी इस्त्री बंद केली. ही वेळापत्रकात नसलेली गोष्ट होती. त्यांनी कटिंगचा तपकिरी कागद टेबलावर पसरला आणि शिवणाचा निळा खडू उचलला. “आता किती वाजले?”

“सहा एक.”

“शनिवारी दहापर्यंत किती तास?”

“त्रेसष्ट तास आणि एकोणसाठ मिनिटं.”

“चौसष्ट म्हणा. याला बावन्न हवेत. मला एका कोटाला अर्धा तास, बावीस कोट, अकरा तास. इस्त्री तापलेली राहिली तर साडेदहात करेन. मग बसतं की! फक्त हे दिवसरात्र चालायला हवं.”

“रात्री?” मिनिटसाहेब म्हणाले. “रात्री आगार—”

“आगार निवृत्त झालं. हे घर आहे. आपण मागच्या खोलीत झोपतो, ते इथे राबेल. त्याला काय अंधाराची भीती वाटते? निळे दिवे आहेत स्वतःचे.”

“आणि तापलं तर?”

“तीन पंखे कशाला आहेत मग? तुमच्या बसला एकच होता.”

हा मुद्दा तिन्ही व्यवस्थापकांपैकी एकालाही सुचला नव्हता.

काकू खडूने लिहीत होत्या. पट्टी नव्हती, रेघा कापडावर मारतात तशा एका झटक्यात येत होत्या. “गुरुवारी दुपारी मला पाच तास सलग. शुक्रवारी साडेपाच. बाकी सगळं त्याचं. दोनदाच थांबवायचं. आणि थांबवायचं कधी, ते तुम्ही बघायचं. शिवण अर्धी सोडून उठायचं असेल तर आम्ही सुई कापडात खाली रोवून ठेवतो, वर ठेवून उठलं की कापड सरकतं. तसं, याची सुई खाली असेल तेव्हाच बंद.”

“सेव्ह झाल्या झाल्या.”

“तेच ते. मिनिटाचं काम आहे, तुम्हालाच जमेल.”

ही दाद होती की टोमणा हे मिनिटसाहेबांना नीट कळलं नाही, पण कान गरम झाले. त्यांनी मुलीला पुन्हा फोन करून सेव्ह झाल्याची वेळ पडद्यावर कुठे दिसते ते विचारून घेतलं, लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. कापडं आवरून खोली रिकामी केली आणि सातला बटण दाबलं. पंखे घोंगावले. आठ वाजून दोन मिनिटांनी पहिली नोंद झाली, आणि पडद्यावर कधी नव्हे ते एक पूर्णांक नऊ टक्के दिसले. मिनिटसाहेबांनी वहीत तिसरा रकाना आखला.

गुरुवारी दुपारी ते स्टुलावर बसून राहिले, शिकारी मचाणावर बसतो तसे. नोंद एक वाजून अकरा मिनिटांनी झाली. एक वाजून अकरा मिनिटं आणि वीस सेकंदांनी त्यांनी बटण बंद केलं. “सुई खाली!” ते ओरडले, आणि काकूंनी इस्त्री लावली. पाच तास ती थंड झाली नाही. कोटांच्या कॉलर अशा उभ्या राहिल्या की कोणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं असावं. मिनिटसाहेबांनी बटणं लावून दिली, घड्या मात्र काकूंनीच घातल्या, कारण मिनिटसाहेबांच्या घडीची कड दुसऱ्या टोकाला कधी भेटत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी नर्सिंग कॉलेजची बाई आली, तिने तीस कोट मोजले, एक उलगडून बघितला, आणि घडी परत घालता येईना म्हणून काकूंकडे दिला. काकूंनी ती दोन झटक्यांत घातली. पडद्यावर बहात्तर टक्के होते. मिनिटसाहेब दोन्हीकडे आळीपाळीने बघत होते.

शनिवारी सकाळी आठला सत्त्याण्णव टक्के होते. नऊ वाजून पाच मिनिटांनी नव्व्याण्णव. मिनिटसाहेबांनी दाढी केली होती आणि निवृत्तीचा कोट घातला होता. नऊ वाजून सात मिनिटांनी दार वाजलं.

दारात उद्या. हातात हत्यारांची पिशवी, खांद्यावर नवी कोरी वायर वेटोळी करून टाकलेली. चेहऱ्यावर दोन वर्षांचं पुण्य.

“साहेब, आलो. म्हटलं आज संपवूनच टाकू. पाच मिनिटं मेन स्विच पाडतो.” आणि तो सरळ जिन्यातल्या डब्याकडे वळला.

मिनिटसाहेब चपला शोधू लागले. तोवर काकू बाहेर पोचल्या होत्या. गळ्यात टेप, हातात मोठी कात्री, कारण त्या नेमक्या धागे कापत होत्या; पण जिन्याच्या उजेडात ते कारण दिसत नव्हतं. त्या डब्यासमोर उभ्या राहिल्या.

“उद्या या,” त्या म्हणाल्या.

“काकू, दोन वर्षं तुम्हीच मागे लागलात—”

“लागले. आता आज नाही जमत. वेळापत्रकात नाही.”

“पाच मिनिटांचं काम आहे हो!”

“पाच मिनिटांनी काय होतं ते यांना विचारा.”

उद्याने कात्रीकडे बघितलं, मिनिटसाहेबांच्या कोटाकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आलेलं काम दुसऱ्याने पुढे ढकललं म्हणून पायरीवर बसला. “मग मी इथेच थांबतो,” तो म्हणाला. “बघू तरी काय होतंय.”

तिघं दारातून पडद्याकडे बघत राहिले. खालचा दूधवालाही रिकामी किटली घेऊन वर आला. नऊ वाजून अडतीस मिनिटांनी शंभर झाले, पट्टी एकदा हलली, आणि ओळ आली : काम परत केले. परत केलेली कामे, ३०८. उशीर, ०. बावीस मिनिटं हातात.

“हं,” मिनिटसाहेब म्हणाले. मग थोडं थांबून, दुसऱ्यांदा, “हं.” काकूंनी वळून बघितलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, त्यांनी सलग दोन कधी ऐकले नव्हते.

सोमवारी सकाळी सहाला फलकावर नवा कागद लागला. पट्टीने आखलेला नव्हता. कटिंगचा तपकिरी कागद होता, त्यावर निळ्या खडूच्या रेघा, आणि कोपऱ्यात बाहीचं अर्धं माप तसंच राहिलेलं. आगाराच्या प्रत्येक वेळापत्रकाखाली दोन सह्या असत, ‘आखणार’ आणि ‘तपासणार’. घरच्या कागदावर आजवर दोन्ही मिनिटसाहेबच करत. या कागदावर आखणार म्हणून काकूंची सही होती. ती घेण्यासाठी त्यांना भल्या सकाळी झोपेतून उठवावं लागलं होतं. खाली तपासणार म्हणून मिनिटसाहेबांची.

“तपासलंत काय त्यात?” काकूंनी जांभई देत विचारलं होतं.

“तीनदा,” ते म्हणाले. “एक चूक सापडली. दुपारी दोन ते तीनचा चौकोन रिकामा आहे. यंत्राचं नाव नाही, इस्त्रीचं नाही.”

“ती चूक नाही. ती तुमची विश्रांती आहे.”

मिनिटसाहेबांनी तो चौकोन पुन्हा एकदा बघितला. मग कागदाला चारही कोपऱ्यांत टाचण्या लावल्या, मांजरीचा कागद काढून घडी करून खिशात घातला, कारण ते आता कोणाचं तरी काम झालं होतं, आणि खाली दूधवाला येईपर्यंत तिथेच, जरा बाजूला, फलक सगळ्यांना दिसेल असे उभे राहिले.